भावाला एकही वाक्य नाही

“आज कुणाच्या डोळ्यांत बघायची गरज नाही,” वैजूताई म्हणाली.

मी हातातली कपबशी खाली ठेवली. जन्मभर याच्या बरोबर उलटं ऐकत आलो होतो.

“आणि हात?”

“हलवावेसे वाटले तर हलव.”

“डोलू?”

“डोल. जसा आहेस तसा ये. आज मी काही म्हणणार नाही.” मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “तो इस्त्रीचा शर्ट काढ. तुझा जुना झब्बा घाल, तो मऊ.”

“त्याची गुंडी तुटलीय.”

“असू दे.”

माझ्या बहिणीने तुटलेल्या गुंडीला ‘असू दे’ म्हणावं, ही आमच्या घरात वर्तमानपत्रात यावी अशी बातमी होती. मी मात्र आनंदाने झब्बा घालायला गेलो. मऊ होता, कॉलर नव्हती, मानेला काही टोचत नव्हतं.

मी तेव्हा तिशी ओलांडलेला होतो. मला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी कॉलेजात असताना सांगितलं. आमच्या आळीने ते आधीच वेगवेगळ्या शब्दांत सांगून ठेवलं होतं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. ज्याने हा शब्द काढला त्याने मला आमच्या नाट्यमंडळाच्या तालमीला पाहिलेलं नसणार. मी स्वतःत कधीच मग्न नव्हतो. मी सगळ्यांच्या संवादांत मग्न होतो. मंडळाचा प्रॉम्प्टर मीच. डाव्या विंगेत एका स्टुलावर बसायचं, आणि जो अडकेल त्याला पुढचं वाक्य द्यायचं, इतक्या हळू की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेतल्या नगराध्यक्षांना जाऊ नये. संहिता हातात असायची, पण उघडायची वेळ येत नसे. दोन तालमी ऐकल्या की नाटक माझ्यात बसत असे.

वैजूताई दिग्दर्शिका. दिवसा कन्याशाळेत मराठी शिकवायची, संध्याकाळी मंडळात नाटक बसवायची, आणि उरलेल्या वेळात मला बसवायची. आई-बाबा गेल्यावर तिने हे काम मनावर घेतलं. समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघायचं, म्हणजे डोळ्यांत बघितल्यासारखं वाटतं. पाहुणे आले की आधी ‘प्रवास कसा झाला’, मग पाणी. प्रवास कसा झाला हे त्यांनी सांगायला लागल्यावर मध्येच आत निघून जायचं नाही. हात खिशात. डोलायचं नाही. मी सगळं पाठ केलं होतं. लोक म्हणायचे, “वैजयंतीबाईंनी भावाला काय तयार केलाय!” ताई पदर सावरून हसायची. नाटकाचं पारितोषिक मिळालं की हसायची, तसंच.

मंडळाचे नायक म्हणजे आमचे भाऊजी, दिगंबर खासनीस. आवाज भारदस्त, चेहरा राजबिंडा, पाठांतर शून्य. भावनेच्या भरात आले की वाक्य हमखास हरवायचं. मग ते चष्मा काढून उपरण्याने, नाही तर रुमालाने, पुसायचे. ती खूण होती. चष्मा उतरला की मी वाक्य सोडायचो. प्रेक्षकांना वाटायचं, खासनीस काय हेलावतात! एका ऐतिहासिक नाटकात त्यांनी चष्मा लावूनच सरदाराचं काम केलं, कारण बिनचष्म्याचे ते पार निराधार झाले असते.

बाबांचं घर ताईच्या आणि माझ्या, दोघांच्या नावावर होतं. हे मी इथे सांगून ठेवतो, कारण पुढे तो विषय कोणीच काढला नाही.

त्या वर्षी मला नाशिकहून पत्र आलं होतं. तिथली एक संस्था अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायची. वाचणारा काचेपलीकडे बसून वाचणार, मी अलीकडे बसून मूळ पुस्तकाशी ताडून बघणार, चुकलं की थांबवणार. जगात असं काम असतं आणि त्याचा पगार मिळतो, हे वाचून मी अंगणात बराच वेळ डोलत होतो. राहायला संस्थेमागची खोली होती.

जेवताना मी घरात सांगितलं.

“नाशिक?” भाऊजी म्हणाले. “अहो अच्युतराव, तिथे चहा कोण करून देणार तुम्हाला?”

“मीच. इथेही मीच करतो. तुमचाही.”

भाऊजींनी आमटी भुरकली. ताई म्हणाली, “बघू.”

‘बघू’चा अर्थ मला तिने कधी शिकवला नव्हता. मी होकार धरला आणि बॅग काढून पुसून ठेवली.

त्यानंतर घरात नवीन तालीम सुरू झाली. रविवारी दुपारी पुढच्या खोलीचं दार लावून ताई आणि भाऊजी बसायचे. मी स्टूल घेऊन गेलो तर ताई दारातच म्हणाली, “या वेळी प्रॉम्प्टर नको रे. छोटंसंच आहे. एकपात्री.”

“स्पर्धेसाठी?”

“हं.”

मी स्वयंपाकघरात बसलो. भिंत पातळ आणि भाऊजींचा आवाज भारदस्त, तेव्हा तिथे नाटक दुसऱ्या रविवारीच माझ्यात बसलं. एक गृहस्थ सभेपुढे उभा राहून आपल्या मेहुण्याविषयी बोलतो, एवढंच कथानक. मेहुणा वेडसर. त्याला काही कळत नाही, काही करता येत नाही, बहिणीने आयुष्य वाहिलंय, वगैरे. मधूनमधून ताईचा आवाज यायचा. “इथे पॉज. इथे माझ्याकडे बघ.”

त्या संध्याकाळी पोळ्यांना तूप लावता लावता मी विचारलं, “ताई, लेखक कोण आहे गं?”

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. “नवीन आहे.”

“वाईट लिहिलंय. त्या भावाला एकही वाक्य नाही.”

“त्याला बोलता येत नाही, असं दाखवलंय.”

“मग तो करतो काय?”

“बसून असतो.”

“एवढा वेळ? प्रेक्षकांना वाटेल, नट मिळाला नाही म्हणून कुणाला तरी आणून बसवलंय.” मी विचार करून पुढे म्हणालो, “आणि ‘आमच्यानंतर त्याचं कोण’ इथे भाऊजी फार लवकर रडतात. आधी थांबायला हवं. पाणी प्यावं. मग म्हणावं.”

ताईने पुढची पोळी लाटायला घेतली. पण पुढच्या रविवारी भिंतीपलीकडून ऐकू आलं, “हां, इथे पाणी पी. मग म्हण.” सूचना घेतली गेली म्हणून मला बरं वाटलं. आमच्या मंडळात ती सहसा घेतली जात नसे.

तर आता तो झब्ब्याचा दिवस. आम्ही भाऊजींच्या गाडीतून जिल्ह्याच्या गावी कलेक्टर कचेरीत निघालो होतो. “नाशिकच्या नोकरीसाठी कागद लागतो,” ताईने सांगितलं होतं. “समितीपुढे जावं लागतं. तू नुसता बस, बोलणं आम्ही करू.” मला ते रास्त वाटलं. सरकारी माणसांशी बोलायला कुणाला आवडतं?

गाडीत मी मनसोक्त डोललो. ताईने खरंच काही म्हटलं नाही. उलट एकदा माझ्या पाठीवरून हात फिरवला. तीस-बत्तीस वर्षांनी माझ्या बहिणीला मी आहे तसा चालतोय, असं मला वाटलं. त्या प्रवासाइतका सुखाचा प्रवास मी नंतर केलेला नाही.

सभागृहात लांबलचक टेबल, त्यावर काच, काचेखाली जिल्ह्याचा नकाशा. मधोमध कलेक्टरबाई. त्यांच्या एका हाताला कुठल्याशा सेवाभावी संस्थेचे टोपीवाले गृहस्थ. दुसऱ्या हाताला चाकांच्या खुर्चीत लोखंडेबाई म्हणून एक वकील, केस बारीक कापलेले. कोपऱ्यात कारकून.

“यांचं नाव काय?” कारकुनाने ताईला विचारलं.

माझं नाव मला येत होतं. पण ताईचा हात टेबलाखाली माझ्या हातावर आला.

“अच्युत दामोदर आगटे,” ती म्हणाली.

“यांना बसता येतं ना नीट?”

“बसतो. शांत आहे तसा.”

“काही खायला वगैरे दिलंय ना?” टोपीवाल्यांनी प्रेमळपणे विचारलं. माझ्याकडे बघून ते जरा मोठ्याने म्हणाले, “काय बाळ? बरं आहे ना?” बाळाच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. बाळ नकाशातल्या नद्यांकडे बघत डोलत राहिलं. लोखंडेबाई तेवढ्या माझ्याकडे बघत होत्या. मध्येच त्या कलेक्टरबाईंना काहीतरी म्हणाल्या, बाई म्हणाल्या, “आधी अर्जदारांचं ऐकू या. मग बघू.”

भाऊजी उभे राहिले. कोट नीट केला.

“माननीय अध्यक्ष महोदया आणि समितीचे सन्माननीय सदस्य. मी आज आपल्यापुढे उभा आहे तो एका बहिणीची व्यथा घेऊन.”

पहिल्याच वाक्याला मी ओळखलं. हे तर आपलं नाटक! माझ्या मनात आलं, बहुधा स्पर्धेसाठी सरकारी अनुदान हवं असेल, म्हणून आलोच आहोत तर प्रवेश दाखवताहेत. जागा चुकीची होती आणि प्रकाशयोजना वाईट, पण भाऊजी रंगात होते.

“तो आमच्यानंतर...” ते थांबले. समोरचा पेला उचलून पाणी प्याले. “आमच्यानंतर त्याचं कोण?”

पॉज अगदी जमला. टोपीवाल्यांनी डोळे टिपले. सूचना कुणाची, हे मला ठाऊक होतं.

“आपण पाहताच आहात. नजर स्थिर नाही. अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नाही.” त्यांचा हात माझ्या तुटलेल्या गुंडीकडे गेला. हे वाक्य तालमीत नव्हतं. ऐनवेळची भर असावी. “अशा माणसाने परगावी एकटं राहण्याचा हट्ट धरला, तर बहिणीच्या काळजाचं काय होत असेल? त्याला... त्याला...”

भाऊजी हेलावले. भाऊजींचं वाक्य गेलं.

त्यांनी चष्मा काढला. रुमालाने पुसायला लागले. आणि सवयीने डावीकडे बघितलं. डावीकडे मी होतो.

“त्याला स्वतःचं बरंवाईट कळत नाही,” मी वाक्य दिलं.

विंगेतल्या आवाजात. हळू, स्वच्छ, ओठ फार न हलवता.

भाऊजींनी चष्मा चढवला, छाती भरून घेतली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “त्याला स्वतःचं बरंवाईट कळत नाही! सही करण्याइतपत त्याची...”

“बुद्धी परिपक्व नाही,” मी म्हणालो.

“बुद्धी परिपक्व नाही! म्हणूनच...”

“थांबा,” लोखंडेबाई म्हणाल्या.

भाऊजी हात वर केलेल्या अवस्थेत थांबले.

“ते वाक्य आधी कोण म्हणालं?”

 कारकुनाने पेनाने माझ्याकडे दाखवलं.

कलेक्टरबाई पुढे झुकल्या. “तुम्हाला बोलता येतं?”

ताईचा हात माझ्या हातावर होता. तो आता दाबत होता. पण थेट प्रश्नाला उत्तर द्यायचं, हेही तिनेच शिकवलेलं होतं.

“येतं.”

“मग इतका वेळ बोलला का नाहीत?”

“मला वाक्य नव्हतं.”

“म्हणजे?”

“या नाटकात भावाला वाक्य नाही. तो फक्त बसून असतो. मी ताईला म्हणालो होतो, की...”

आणि तिथे मी अडकलो. आयुष्यात पहिल्यांदा. मी बसलो होतो. मी डोलत होतो. मला एकही वाक्य नव्हतं. नट मिळाला नाही म्हणून कुणाला तरी आणून बसवलं होतं, आणि तो झब्बा घालून आला होता.

“आगटे,” लोखंडेबाई म्हणाल्या. त्या सावकाश बोलत होत्या, पण टोपीवाल्यांसारख्या मोठ्याने नाही. “तुमच्या बहिणीने तुमचं कायदेशीर पालकत्व मागितलं आहे. ते मिळालं, तर तुम्ही कुठे राहायचं, काय काम करायचं, कशावर सही करायची, हे त्या ठरवतील. तुम्ही नाही. तुम्हाला हे सांगितलं होतं?”

मी ताईकडे वळलो. भुवयांच्या मध्ये नाही, डोळ्यांत बघितलं. तिने मान खाली घातली. सकाळी ती ‘कुणाच्या डोळ्यांत बघायची गरज नाही’ म्हणाली होती, ते कुणाच्या डोळ्यांत, हे मला आता कळलं.

“नोकरीचा कागद आहे, असं सांगितलं होतं,” मी म्हणालो.

“मॅडम, माझं ऐका,” ताई उठली. तिचा आवाज शाळेतला झाला. “तुम्हाला आत्ता दिसतोय तसा तो नाहीये. हे बोलणं, ही उत्तरं, सगळं मी शिकवलंय त्याला. वर्षानुवर्षं. कुणी आलं की काय बोलायचं, कधी हसायचं. मी बसवलंय हे सगळं. त्याचं स्वतःचं यात काही नाही हो! तिकडे एकटा राहिला तर कुणी विचारायच्या आत संपेल तो.”

ती रडत होती. ते मात्र तालमीतलं नव्हतं. मी तिचं सगळं रडणं ओळखतो.

“डोलणं माझं आहे, ताई,” मी म्हणालो. “तेवढं तू बसवलेलं नाहीस.”

“बघा, बघा!” टोपीवाले कलेक्टरबाईंना म्हणाले. “अहो, पोरगा हुशार आहे! स्मरणशक्ती काय अफाट! याला कशाला हवाय पालक?”

“तेच म्हणते मी,” कलेक्टरबाई म्हणाल्या. “अख्खं भाषण पाठ. केस सरळ आहे.”

म्हणजे पाठांतराच्या जोरावर मी माणसांत पास झालो होतो. तोंडी परीक्षा, काठावर. मला हायसं वाटायला हवं होतं.

“मॅडम, एक मिनिट,” लोखंडेबाई म्हणाल्या. “यांना एक अक्षर आठवलं नसतं, तोंडातून शब्द फुटला नसता, तरी आधी विचारायला यांनाच हवं होतं. खुणेनं, चित्रानं, जमेल तसं. हुशार आहेत म्हणून नव्हे. कायद्यापुढे हे जन्मल्यापासून माणूसच आहेत. आज आपण नवीन काही दिलेलं नाही.”

कारकुनाचं पेन अधांतरी होतं. “हे लिहू का?”

“लिहा,” त्या म्हणाल्या.

मला ही बातमीच होती. आमच्या घरात, आळीत, मंडळात कुणी कधी ती दिली नव्हती. मी नकाशाकडे बघून घेतलं.

“आता तुम्ही सांगा,” कलेक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. “तुम्हाला काय हवंय?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. हा प्रश्न कधी तालमीत आलाच नव्हता. मी डोलत राहिलो. सगळे थांबले. आणि मग मला दिसलं, ताईचे ओठ हलताहेत. आवाज न करता, माझ्याकडे बघत. ती मला वाक्य देत होती. ‘मला ताईजवळ राहायचंय.’ पुन्हा एकदा. ‘ताईजवळ. राहायचंय.’ प्रॉम्प्टिंग तिला कधीच नीट जमलं नाही. ओठ फार हलायचे.

प्रॉम्प्टरने दिलेलं वाक्य घ्यायचं असतं. हा रंगभूमीचा पहिला नियम आहे.

“मला नाशिकला जायचंय,” मी म्हणालो. “चुकलो तर तिथे चुकेन. मदत लागली तर मागेन. कुणाकडे मागायची, ते मी ठरवीन.”

अर्ज नामंजूर झाला. बाहेर पडताना टोपीवाल्यांनी मला गोळी दिली, लिंबाची.

 परतीच्या वाटेवर भाऊजींनी गाडीच्या आरशातून माझ्याकडे बघितलं.

“एवढं केलं आम्ही तुमच्यासाठी अच्युतराव, आणि ऐन वेळी तुम्ही असं करावंत? का बोललात?”

“तुम्ही चष्मा पुसलात,” मी म्हणालो.

त्यावर त्यांना काही सुचलं नाही, आणि मीही काही सुचवलं नाही. मी तेव्हा डोलत नव्हतो. हात खिशात घालून सरळ बसलो होतो, पाहुण्यांपुढे बसतो तसा.

नाशिकला निघालो त्या सकाळी ताई एस.टी. स्टँडवर आली. भाऊजींना काम निघालं होतं. तिने डबा करून आणला होता, आणि माझा झब्बा. इस्त्री केलेला, नवी गुंडी लावलेला. मी बॅगेत ठेवला. गाडी लागली, मी खिडकीशी बसलो. ती खाली उभी राहिली.

“प्रवास...” ती म्हणाली आणि गप्प झाली. कारण प्रवास कसा झाला, हे तो झाल्यावर विचारतात.

ड्रायव्हर चढला. ताईने खिडकीची कड धरली. “अच्चू,” ती म्हणाली. मग पुन्हा, “अच्चू, मी...”

आणि पुढचं वाक्य तिला येईना.

मी कितीतरी नट अडकलेले पाहिलेत. घसा खाकरतात, पदराशी चाळा करतात, विंगेकडे बघतात. ताई माझ्याकडे बघत होती. चांगली दिग्दर्शिका, कधी स्वतः रंगमंचावर उभी न राहिलेली. तिला अडकल्यावर काय करायचं हेही माहीत नव्हतं. ती नुसती बघत होती, आणि थांबली होती. माझ्यासाठी थांबली होती.

वाक्य लहान होतं. मला ते येत होतं. आजही येतं, दर दिवाळीला ती फोन करते, ‘जेवलास का’ विचारते, मध्येच थांबते, आणि ते वाक्य तिथेच असतं.

गाडी सुटली. मी वाक्य दिलं नाही.